वच्छलाचा हातगुण

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवाजवळ बोलण्याचा प्रश्न नव्हता — आमच्या घरात देव होते, पण ते सासूबाईंचे. माझी त्यांच्याशी फारशी ओळख नव्हती. आता सासूबाई नाहीत, नवरा नाही, आणि बहिणीला कालचं जेवण आठवत नाही. मग उरता तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही हे एका अर्थी बरंच आहे. ओळखत असतात तर तुम्हीही माझ्याबद्दल चांगलंच बोलला असतात. लोक माझ्याबद्दल फार चांगलं बोलतात — तीच तर अडचण आहे.

अडचण. बघा, हाच शब्द आला तोंडात. मला याच शब्दापाशी यायचंय, पण सरळ येता येत नाही. जरा वळसा घालते.

मी शनिवार पेठेतली. शाळेत विज्ञान शिकवत असे. पेठेतल्या माणसाला दोन गोष्टी उपजत येतात, असं माझे यजमान म्हणायचे — दुसऱ्याची चूक दाखवणं, आणि स्वतःची चूक मुळात दुसऱ्याचीच कशी आहे हे पटवून देणं. ते मूळचे कोल्हापूरचे, नंतर पेठेत राहायला आलेले, तेव्हा मी ते हसण्यावारी नेत असे.

लहानपणी आमच्याकडे शिवाशिव कडक. महिन्याचे ते चार दिवस आई मला खिडकीजवळ वेगळ्या सतरंजीवर बसवायची. तांब्या वेगळा, ताटली वेगळी. एकदा घरात कुणी नसताना मी उठले आणि लोणच्याच्या बरणीला हात लावला. नुसता लावला नाही, झाकण काढून आत बोट बुडवलं. मग रोज गुपचूप जाऊन बघत राहिले, बुरशी येते का. नाही आली. ते लोणचं आम्ही पुढच्या वर्षीच्या कैऱ्या येईपर्यंत खाल्लं. माझ्या आयुष्यातला पहिला प्रयोग तो. तेव्हापासून मला वाटायला लागलं की जगातल्या सगळ्या बायकांना त्या सतरंजीवरून उठवणं हे माझं काम आहे. आणि काम चांगलंच होतं हो ते. मला ते आजही चांगलंच वाटतं. म्हणून तर —

थांबा. आधी शेताचं सांगते.

अण्णा आमच्या ओळखीतले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पुण्याजवळ मांजरी गावात उसाच्या फडांच्या मधे त्यांनी थोडी जमीन घेतली आणि तिथे एक प्रशिक्षण केंद्र काढलं. पर्माकल्चर हा शब्द तेव्हा पुण्यात कुणाला फारसा माहीत नव्हता. अण्णा त्याला 'कायमची शेती' म्हणायचे. म्हणजे उतार बघून पाणी अडवायचं, झाडं, भाज्या, कोंबड्या सगळं एकमेकांच्या आधाराने वाढवायचं, बाहेरून खत-औषध आणायचं नाही, आणि माती कधी उघडी ठेवायची नाही. शेजारच्या फडातलं उसाचं पाचट आम्ही वाफ्यांवर पसरायचो. बायका त्याला मातीचं पांघरूण म्हणायच्या. गावोगावच्या बायका आमच्याकडे येऊन राहायच्या, शिकायच्या, आणि परत जाऊन आपल्या गावात घरोघर परसबागा उभ्या करायच्या. लेकराबाळांच्या ताटात रोज ताजी भाजी पडावी, आणि ती पिकवायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये — एवढंच अण्णांचं म्हणणं होतं.

मी शाळा सोडून तिथे रुजू झाले. 'बाई आता शेण शिकवतात' हे वाक्य मी पेठेत स्वतःच्या कानांनी ऐकलंय. फाटकावरची पाटी मी माझ्या हाताने रंगवली होती : 'या कुंपणाच्या आत विषाचा थेंब येत नाही.' अक्षर सुरेख आलं होतं. येणारे-जाणारे त्या पाटीचा फोटो काढायचे.

आणि तिथे वच्छला होती.

वर्ध्याकडची. नवरा हडपसरच्या एका कारखान्यात, मांजरीत भाड्याची खोली, एक मुलगी — वैशाली, तेव्हा शाळेत जाणारी. वच्छला आली ती झाडांना पाणी घालायला. पण थोड्याच दिवसांत आमच्या लक्षात आलं की तिने खोचलेली काडी जगतेच. हातगुण म्हणतात ना, तो. ज्या हदग्यापुढे अण्णांनी दोनदा हात टेकले होते तो तिच्या हाताने लागला. बाहेरगावच्या बायका घरून बियाणं आणायच्या ना, त्या पेरण्याआधी आपली बियाण्याची पाटी तिच्यापुढे धरायच्या. "वच्छलाबाई, हात लावा बरं जरा." ती ओशाळायची, पण हात लावायची. बी बोटांमधून सोडायची, पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची. तिचं तोंड तेव्हा असं काही व्हायचं की — नाही सांगता येत मला. परक्या मुलखात आलेली बाई, बोली वेगळी म्हणून लोक हसायचे तिला. "मले" म्हणाली की पोरी तोंडाला पदर लावायच्या. पण त्या पाट्यांपुढे ती कुणीतरी होती.

मी म्हणायची, हातगुण वगैरे काही नसतं, ती रोपाकडे लक्ष देते, बस्स. वच्छला हसून म्हणायची, "तसं म्हना मॅडम."

अण्णांच्या मनात होतं की रोपवाटिका तिच्या हवाली करावी. शेतावरची खोली तिला द्यावी आणि बायकांना तिने शिकवावं. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती हातातली झारी तशीच धरून उभी राहिली. पाणी पायांवर सांडत होतं. "मी शिकवू? मी त सातवी नापास हाये मॅडम." आणि मग, "वैशालीले सांगू का मी हे? का पक्कं होऊ देऊ?" मी म्हटलं, सांग. पक्कंच आहे.

आता गवताचं. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या दिवसांत हडपसरच्या बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी कंप्युटर आणि अमेरिका. अशाच एका कंपनीच्या आवारात मोठं हिरवंगार लॉन होतं. दर आठवड्याला ते कापायचे आणि कापलेलं गवत टेंपोत भरून कुठेतरी फेकून यायचे. मी एकदा तिथे कुणाला तरी भेटायला गेले होते तेव्हा पाहिलं, आणि डोक्यात विजेचा दिवा लागला. शहराचा कचरा आमच्या मातीचं पांघरूण! अण्णा तेव्हा मुलीकडे साताऱ्याला गेलेले. ते परत यायच्या सुमारास परदेशातून पाहुणेही यायचे होते. मला वाटलं, अण्णांना चकित करू. फाटकाजवळचा मोठा वाफा या गवताने सजवू आणि पाहुण्यांना सांगू, बघा, कंपन्या आणि शेतं अशी जोडता येतात. भाषण मी मनात तयारसुद्धा केलं होतं.

गोण्या भरून देणारा तिथला सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, लॉनवर परवाच तणाचं औषध मारलंय. गुरांना घालू नका हां. बाकी काय पण करा."

मी हो म्हटलं.

आता विचारा मला. विज्ञान शिकवणारी बाई तू, तणाचं औषध म्हणजे काय हे तुला कळत नव्हतं? कळत होतं. लॉनवर मारतात ते औषध गवताला काही करत नाही, रुंद पानांच्या रोपांना मारतं. आणि वांगी, टोमॅटो, वाल ही सगळी रुंद पानांचीच. हे मला ठाऊक होतं. मग? मग काही नाही. ते वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी भाषणातला पुढचा मुद्दा जुळवत राहिले. चूक म्हणावी तर ही चूक होती. चुका होतात. पण मला जे सांगायचंय ते ही चूक नव्हे.

ज्या दिवशी टेंपो आला त्या दिवशी लावणी होती. बायकांना एकेक वाफा वाटून दिला होता. फाटकाजवळचा मोठा वाफा अर्थातच वच्छलाचा. गोण्या तिनेच उतरवून घेतल्या. आणि मग रोपांना हात लावायची वेळ आली तेव्हा ती शेवग्याखाली जाऊन बसली. मी हाक मारली. ती उठेना. जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाली, "मॅडम, मले अडचण हाये. आताच आली. आज मी वाफ्यात येत नाई."

हीच ती अडचण.

मी काय केलं सांगू? हळूच बोललेलं मी मोठ्याने केलं. तिचं मनगट धरलं, तिला उठवलं, आणि सगळ्या बायकांसमोर वाफ्यापाशी आणलं. म्हटलं, या सगळ्या इकडे, आज तुम्हाला एक प्रयोग दाखवते. लोणच्याच्या बरणीची गोष्ट सांगितली. पुष्कळ काही बोलले, चांगलं बोलले असेन, कारण एकदोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त वच्छलाच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नव्हतं. पारूबाई म्हणून फुरसुंगीकडच्या एक वयस्कर बाई होत्या, त्या म्हणाल्या, "मॅडम, तिला नगं हाय तर ऱ्हाऊ द्या की. चार दिसांनी लावल तिचा वाफा." मी म्हटलं, नाही, आजच. आणि एकटीने. सगळा वाफा हिच्याच हाताने. नाही जगली रोपं तर नाव बदलीन माझं!

बायका हसल्या. वच्छलाही हसली — माझ्यासाठी. आणि वाफ्यात उतरली.

रोपं तिने फार हळुवार लावली. कडेने मक्याचे दाणे टोबले. मग आम्ही दोघींनी मिळून वर ते हिरवं गवत पसरलं. गवत तेवढ्याच वाफ्यापुरतं होतं. बाकीच्यांवर नेहमीचं पाचट. शाळेत मी मुलांना वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्या वाफ्यात मी दोन बदलल्या होत्या. त्यातली एक सगळ्यांना दिसत होती आणि दुसरी फक्त मला ठाऊक होती.

आठवडा गेला नसेल. बाकीचे वाफे तरारले आणि वच्छलाच्या वाफ्यातली रोपं मुरगळायला लागली. पानं दुमडून आत वळली, देठ पिळवटल्यासारखे झाले. वांगी गेली, टोमॅटो गेले, वाल तर सगळ्यांत आधी गेले. आणि कडेचा मका? मका हिरवागार उगवला होता. त्याच हाताने लावलेला. मी तिथे उकिडवी बसले, मक्याचं कोवळं पान बोटात धरलं, आणि मला सगळं कळलं. क्षणात कळलं. सुपरवायझरचं वाक्य त्याच्या आवाजासकट आठवलं.

मागे बायका उभ्या होत्या. पारूबाई तेवढ्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कीवच होती, "आमी सांगत व्हतो मॅडम. पर शिकल्या माणसाला सांगाया कोण जाईल?"

वच्छला वाफ्याच्या पलीकडच्या बाजूला होती. ती रोपांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन म्हणून. मी तिला लोणच्याची गोष्ट सांगितली होती ना? मग आता मला काहीतरी सांगता यायला हवं होतं.

किती सोपं होतं! बायांनो, हे गवत मी आणलं, त्याला विष मारलेलं होतं, मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. बघा हा मका, हात तोच आहे. एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? फाटकावरची पाटी खोटी पडली असती. अण्णा संतापले असते, पाहुण्यांपुढे मान खाली गेली असती. पेठेत दोन दिवस चघळायला विषय मिळाला असता. बस्स. यापलीकडे काही नाही. मी पुष्कळ वेळा पुन्हा पुन्हा जोखून पाहिलंय, यापलीकडे खरंच काही नव्हतं.

मी म्हटलं, "बघू. काहीतरी कीड असेल."

आणि गुडघे झाडत उठले.

अण्णा आले. त्यांनी वाकून पानं पाहिली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली. म्हणाले, एकाच वाफ्यात कसं काय? या वाफ्यावरचं गवत कुठलं? मी म्हटलं, "बांधावरचं. पाचट कमी पडलं म्हणून कापून टाकलं."

हे मी म्हटलं तेव्हा वच्छला शेजारी उभी होती. गोण्या तिने उतरवल्या होत्या. टेंपो तिने पाहिला होता. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मी खोटं का बोलले हे तिला कळलं नसेल — तिच्या लेखी गवत ते गवत. पण मॅडम खोटं बोलल्या एवढं तर कळलंच असेल. तिने ते अण्णांना सांगितलं नाही, बायकांना सांगितलं नाही, मलाही कधी विचारलं नाही. बायका तिला जे म्हणत होत्या ते ती मुकाट्याने ऐकत होती, आणि माझं मात्र झाकत होती.

त्यानंतर कुणी तिच्यापुढे पाटी धरली नाही. वाईट कुणी वागलं नाही हो — बायका प्रेमळच होत्या. पण ती वाटेने आली की बियाण्याची पाटी पदराखाली जायची. नकळत, लहान मुलाला दृष्टीपासून जपावं तशी. मी ते पाहायची. तीही पाहायची. मग तीच वाट बदलून जायला लागली.

रोपवाटिका नको असं तिनेच अण्णांना सांगितलं. अण्णांनी परोपरीने समजावलं, असं काही नसतं म्हणाले. मी तिथेच बसले होते. ती म्हणाली, "नाई साहेब. बायांच्या घरचं भाजी-कोरड्यास असते त्या रोपावर. माह्या हातानं गेलं त कोनाले तोंड दावू?" मग माझ्याकडे वळून, जणू माझंच सांत्वन करावं तशी, "मॅडमनं लय केलं माह्यासाठी. माह्या हाताचाच गुन गेला."

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा तर हवंच होतं. नाही?

मी काय केलं — मी तिला नोकरी लावून दिली. त्याच सुपरवायझरला फोन केला, आणि त्याच कंपनीत वच्छला साफसफाईच्या कामाला लागली. नियमाने पगार, गणवेष, दिवाळीला मिठाईचा पुडा. त्यांच्याकडून दर आठवड्याला गवत घ्यायचा माझा बेत होता, तो मी त्याच फोनवर रद्द केला. म्हणजे बघा, एका फोनमध्ये दोन्ही कामं. ती पेढे घेऊन शनिवार पेठेत आमच्या घरी आली, पाया पडली. सासूबाईंनी मला पहिल्यांदा आणि शेवटचं चांगलं म्हटलं ते त्या दिवशी.

काही वर्षांनी मी त्या कंपनीत शेताबद्दल भाषण द्यायला गेले होते. होय, देत होते मी भाषणं. खाली प्रवेशाच्या दालनात निळ्या गणवेषात वच्छला ओल्या फडक्याने झाडं पुसत होती. माणसाच्या उंचीची, चकचकीत पानांची — प्लास्टिकची. मला बघून तिचा चेहरा फुलला. सगळं विचारलं, अण्णा कसे आहेत, तो हदगा आहे का अजून. मग एक पान बोटांत धरून पुसता पुसता म्हणाली, "हे बरं हाये मॅडम. याले काई होत नाई माह्या हातानं."

ती विनोद करत होती. मी हसले. मग वर जाऊन बोलले तासभर, आणि टाळ्या पडल्या.

शेत आता नाही. अण्णा गेले, त्यांच्या मुलीने जमीन विकली, तिथे पार्किंगसकट इमारती झाल्या. तुमच्या मनात जे येतंय ते माझ्याही मनात येऊन गेलंय. रोपवाटिका घेतली असती तर वच्छलाच्या हाती शेवटी काय राहिलं असतं? कंपनीच्या पगारावर मुलगी इंजिनियर झाली, झालं ते बरंच झालं की. हा हिशोब मी कित्येक दुपारी मांडून पाहिलाय आणि दर वेळी तो जुळतो. जुळतो म्हणूनच मला त्याची किळस येते. नोकरी मी तिचं भलं व्हावं म्हणून लावली नव्हती. ती रोज समोर दिसू नये म्हणून लावली होती.

वच्छला तीन पावसाळ्यांपूर्वी गेली. आजार लांबला होता. मी दवाखान्यात जायची, शहाळं घेऊन. एकदा वैशाली औषधं आणायला खाली गेली होती, आम्ही दोघीच होतो. मी ठरवून गेले होते, आज सांगायचं. तिचा हात हातात घेतला. हात पार हलका झाला होता, पण तळवा तसाच रुंद. मी म्हटलं, वच्छला, तो वाफा आठवतो का गं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "जाऊ द्या न मॅडम. झालं ते झालं. म्या माफी मागाले पायजे होती तुमची. तुमची बात खाली पडली न माह्यामुळं, साऱ्या बायांपुढं."

वैशाली औषधं घेऊन आली. मी शहाळं सोलायला घेतलं.

झालं. आता एकच उरलंय.

मागच्या महिन्यात वैशालीने नवं घर बघायला बोलावलं. मांजरीतच, आमच्या शेतापासून जरा पलीकडे. वरच्या मजल्यावरचं छान घर आहे, मोठी बाल्कनी. वैशाली घरूनच काम करते, कानात ते यंत्र घालून. तिची मुलगी अन्वी यंदा बाराची झाली. बाल्कनीत आइस्क्रीमच्या डब्यात टोमॅटोचं एक रोप होतं, शाळेच्या प्रकल्पासाठी अन्वीने बी पेरून वाढवलेलं. उन्हाने मान टाकली होती त्याने. मी म्हटलं, अगं, पाणी घाल की याला. अन्वी दाराच्या आतच उभी राहिली. आईकडे बघायला लागली.

वैशाली हसत म्हणाली, "तिचे चार दिवस चालू आहेत ना, मॅडम. म्हणजे आम्ही घरात तसलं काही पाळत नाही हं. किचन, देवघर, सगळं नॉर्मल. फक्त झाडांना टच करायचं नाही. ते आईने प्रूव्ह केलेलं ना, तुमच्याच फार्मवर. तुम्ही तर समोर होतात. बाकीच्यांचं ऐकीव असतं, आईकडे पुरावा होता."

मी उठले आणि तांब्याभर पाणी रोपाला घातलं. तेवढं जमलं मला.

अन्वी तिथूनच बघत होती. धीट मुलगी आहे, आजीसारखं रुंद कपाळ. म्हणाली, "आजी, तुम्ही सायन्स टीचर होतात ना? खरंच मरतात का झाडं?"

सरळ प्रश्न. इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या सरळ विचारलं नव्हतं. वैशाली चहाचे कप ठेवत होती, तीही थांबली. वच्छलाचा फोटो भिंतीवर होता, त्याला हार होता — प्लास्टिकचाच. रोपाने अजून मान उचलली नव्हती. त्याला वेळ लागतो.

मी म्हणाले, "आईचं ऐकावं, बाळ."

अन्वीने मान डोलावली. आणि हात मागे घेतले, पाठीशी.

चहा प्यायले मी. आलं घातलं होतं. निघताना वैशालीने तिला माझ्या पाया पडायला लावलं, म्हणाली, "या कोण आहेत माहितीये ना? सुलभा मॅडम. आजीला कंपनीत यांनी लावलं, म्हणून आपण इथे आहोत. नाव लक्षात ठेवायचं."

ठेवलं असेल तिने. माझं नाव अजून तेच आहे.